खुनी कोण, हे आता सांगायचं कुणाला?

पत्र लिहिणाऱ्या बाई चाळिशीच्या आहेत. समकालीन गुन्हेकथांचं आपल्याला वेड आहे, असं त्या स्वतःच म्हणतात. त्यातही एका हयात लेखकाची पोलीस इन्स्पेक्टरवरची मालिका त्यांनी पहिल्या पुस्तकापासून वाचली आहे, काही पुस्तकं तर तीनतीनदा. एकेकाळी ही मालिका त्या आणि त्यांचे थोरले बंधू मिळून वाचायचे. प्रत एकच. पुस्तक दोन-तृतीयांश वाचून झालं की खुनी कोण ते चिठ्ठीवर लिहायचं, घडी घालून शेवटच्या पानात सरकवायचं, आणि दुसऱ्याचं वाचून होईपर्यंत चिठ्ठ्यांना हात लावायचा नाही, असा नियम होता. हल्ली भाऊ वाचत नाहीत. 'रोज तेच खून, आता कंटाळा येतो,' म्हणतात.

मालिकेच्या गेल्या पुस्तकात लेखकाने इन्स्पेक्टरच्या सहायक अधिकारी बाईला मारून टाकलं. पत्रलेखिकेने त्याच रात्री दोन वाजता लेखकाला लांबलचक ईमेल पाठवली. पुस्तकातल्या तीन चुका पानांच्या आकड्यांसह दाखवल्या आणि शेवटी 'तुम्ही आमचा विश्वासघात केलात' असं लिहिलं. काही आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: पत्राबद्दल आभार, पुस्तक इतक्या बारकाईने वाचलंत याचा आनंद वाटला. तेव्हापासून त्यांना शरम वाटते आणि रागही येतो. आता नवं पुस्तक येतंय आणि त्यानिमित्ताने लेखक वाचकांना भेटणार आहे. त्या विचारतात: माफी मागू का? कार्यक्रमाला जाऊ का? की या वयात हे वेड सोडून काहीतरी चांगलं वाचायला लागू? सतत खून वाचून मन निबर होतं, असं यजमानांचं मत आहे.

(लेखकाचं आणि मालिकेचं नाव मी काढून टाकलं आहे. मेलेल्या पात्राचंही. ज्यांनी ते पुस्तक अजून वाचलेलं नाही त्यांचे शिव्याशाप मला नकोत.)

नमस्कार ताई,

आधी यजमानांच्या आक्षेपाचा निकाल लावून टाकू, कारण तो सोपा आहे. जिचं मन निबर झालंय ती बाई एका काल्पनिक पोलीस अधिकाऱ्याच्या मरणाने रात्री दोनला उठून ईमेल लिहीत बसत नाही. तुम्ही जरा जास्तच हळव्या झाला आहात, असं ते म्हणाले असते तर मी ऐकून घेतलं असतं.

'काहीतरी चांगलं वाचावं' हे मात्र यजमान म्हणालेले नाहीत. ते तुमचं तुम्हीच म्हणताय, आणि मला तेच जास्त खटकलं. बाबूराव अर्णाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, लोकांनी त्या हातोहात वाचल्या, आणि तरी आवडीचा लेखक कोण असं चारचौघांत विचारलं की त्यांचं नाव घ्यायला माणसं कचरायची. ती सवय अजून आपल्या अंगात मुरलेली आहे. ती झटकायची असेल तर स्वीडनच्या माय शोवाल आणि पेर वालो या जोडप्याकडे बघा. १९६५ ते १९७५ या काळात त्यांनी मार्टिन बेक या पोलिसावर दहा कादंबऱ्या लिहिल्या आणि दहाही पुस्तकांना मिळून एकच उपशीर्षक दिलं: 'एका गुन्ह्याची कथा'. खून प्रत्येक पुस्तकात निराळा. पण ज्या एका गुन्ह्याबद्दल ते बोलत होते तो होता, स्वतःला कल्याणकारी म्हणवणाऱ्या राज्याने दुबळ्यांना वाऱ्यावर सोडण्याचा. आज ज्या स्वीडिश, नॉर्वेजियन गुन्हेकथांची जगभर चलती आहे त्यांचं मूळ तिथे आहे. समाजाकडे बघायची इतकी धारदार नजर 'चांगल्या' कादंबऱ्यांत दरवेळी सापडते असं नाही. तेव्हा हा प्रश्न यादीतून खोडा.

आता ईमेल. तुम्ही तिची प्रत जोडलीत हे फार बरं केलंत. एरवी लोक अशी पत्रं आठवणीतून सांगतात, आणि आठवणीतलं आपलं पत्र मूळ पत्रापेक्षा नेहमीच सभ्य असतं. तुमच्या ईमेलचे सरळ दोन भाग पडतात. पहिल्या, मोठ्या भागात चुकांची यादी आहे. ते पुस्तक मीही वाचलंय, म्हणून सांगतो: तीनपैकी दोन चुका मला चुका वाटत नाहीत. एके ठिकाणी साक्षीदार खोटं बोलतोय, लेखक नव्हे. दुसऱ्या ठिकाणी मधली एक रात्र तुमच्या हिशेबातून सुटली आहे. तिसरी मात्र अस्सल आहे. पिस्तूल कोटाच्या डाव्या खिशात जातं आणि काही पानांनी उजव्या खिशातून बाहेर येतं, मधे कोट कुणी काढलेलाही नाही. लेखक, संपादक, मुद्रितशोधक या सगळ्यांच्या नजरेतून सुटलेलं तुम्ही पकडलंत. अशी चूक सापडली तर ती प्रकाशकाला कळवावी. पुस्तकाचं नाव, आवृत्ती, पान, ओळ, एवढंच. पुढच्या मुद्रणात ती सुधारता येते, आणि कुणाला वाईटही वाटत नाही.

दुसरा भाग फक्त शेवटच्या परिच्छेदाचा, विश्वासघाताचा. चुकांची यादी ही त्या वाक्यापर्यंत पोहोचायची वाट होती, हे लेखकाच्याही लक्षात आलं असणार. त्याच्या दोन ओळींत तुम्हाला तुसडेपणा दिसला. मला सौजन्य दिसलं. 'बारकाईने' म्हणतोय म्हणजे त्याने निदान पिस्तुलापर्यंत वाचलंय. आणि विश्वासघाताबद्दल चकार शब्द काढलेला नाही, म्हणजे त्याला तुमच्याशी भांडायचं नाही. अनोळखी माणसाने मध्यरात्री केलेल्या आरोपाला याहून बरं उत्तर मला तरी सुचत नाही. म्हणून माफीची दुसरी ईमेल नको. तुम्ही माफी मागितलीत की 'अहो, काही हरकत नाही' असं लिहिणं त्याला भाग पडेल, म्हणजे तुमची समजूत काढायचं काम तुम्ही त्याच्याच गळ्यात घालाल. त्याने तो विषय सभ्यपणे संपवलाय. संपू द्या.

पण विश्वासघात झाला असं वाटलं तरी का? ते वाटण्यात तुमचा एकटीचा दोष नाही. हा प्रकारच वाचकाला नुसतं बघत बसू देत नाही. लेखक पुरावे तुमच्यापुढे मांडतो, ताकास तूर लागू देत नाही, आणि म्हणतो, शोधा. लंडनमध्ये १९३० साली गुन्हेकथा लेखकांचा 'डिटेक्शन क्लब' स्थापन झाला. महत्त्वाचा दुवा वाचकापासून लपवणार नाही, अशी शपथ त्याच्या सभासदांना घ्यावी लागे. म्हणजे इथे लेखकाचा वाचकाशी करार असतो, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. फक्त तो करार दुव्यांबद्दलचा आहे. कोण जगेल आणि कोण मरेल, याबद्दल कुणी कधी शपथ घेतलेली नाही.

मालिका लिहिणाऱ्याची स्वतःचीही अडचण असते, आणि ती वाचकाला दिसत नाही. इअन रँकिन यांचा इन्स्पेक्टर रीबस घ्या. त्याचं पहिलं पुस्तक १९८७ चं. एडिनबराच्या या पोलिसाचं वय रँकिननी खऱ्या कॅलेंडरप्रमाणे वाढू दिलं. वाचकही त्याच्याबरोबर म्हातारे होत होते, त्यामुळे जीव जडला. पण याच हिशेबाने २००७ साली रीबस साठीचा झाला, साठीला पोलिसाने निवृत्त व्हायचं असा नियम, आणि लेखकाला आपल्या सगळ्यांत लाडक्या माणसाला घरी बसवावं लागलं. पाच वर्षांनी त्यांनी त्याला परत आणलं, तेही पोलीस अधिकारी म्हणून नाही, तर जुन्या न सुटलेल्या प्रकरणांवर काम करणारा साधा नागरिक म्हणून. आपण घालून घेतलेला नियम आपल्यालाच असा आडवा येतो. तुमच्या लेखकाने सहायक अधिकाऱ्याला का मारलं ते मला ठाऊक नाही, पण वाचकांना छळायला मारलं असेल असं वाटत नाही. गेल्या तीन पुस्तकांत तो इन्स्पेक्टर तिच्याच जिवावर केस सोडवत होता, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

उलट टोकाला स्यू ग्राफ्टन. १९८२ पासून त्यांनी इंग्रजी वर्णमालेचं एकेक अक्षर घेऊन किन्सी मिलहोन या खासगी डिटेक्टिव्हची पुस्तकं लिहिली, आणि तिला १९८० च्या दशकातच ठेवलं. बाहेरचं जग कुठल्या कुठे गेलं, किन्सीच्या हातात मोबाइल काही आला नाही. २०१७ साली 'वाय' प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरात ग्राफ्टन गेल्या. 'झेड' राहिलं. ते दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं जाणार नाही, आमच्यापुरती वर्णमाला 'वाय'वर संपली, असं कुटुंबीयांनी जाहीर केलं. पंचवीस पुस्तकं वाचून शेवटच्या अक्षरापाशी अडलेल्यांना काय चुटपुट लागली असेल! स्वीडनचे गुन्हेकथा लेखक स्टीग लार्सन यांच्या बाबतीत नेमकं उलटं घडलं. ते २००४ साली, पहिली कादंबरी छापून येण्याआधीच गेले. २०१५ पासून वारसांच्या संमतीने दुसऱ्या लेखकाने मालिका पुढे चालवली, आणि लार्सन यांच्या अनेक वर्षांच्या जोडीदाराने त्याला उघड विरोध केला. वाचकांना आणखी पुस्तकं मिळाली, हे खरं. माझं मत विचाराल तर, परक्या हाताने जगवलेल्या पात्रापेक्षा स्वतःच्या लेखकाच्या हातून मेलेलं पात्र मला परवडतं. यावर तुम्ही माझ्याशी खुशाल भांडा, मला ते भांडण आवडेल.

आणि भांडणावरूनच मूळ मुद्द्यावर येतो. ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यांत जिवंत जागा लेखकाबद्दलची नाही. ती चिठ्ठ्यांबद्दलची आहे. तुम्ही लिहिलंय की एकदा दादांची चिठ्ठी उघडली तर तिच्यावर कुणा संशयिताचं नाव नव्हतं, नुसतं 'तूच' असं लिहिलं होतं, आणि तुम्ही हसून हसून बेजार झालात. ते पुस्तक कोणतं होतं, खुनी कोण निघाला, हे आज तुम्हाला आठवत नाही. चिठ्ठी आठवते.

ती सहायक अधिकारी मेली त्या रात्री दादा वाचत असते तर काय झालं असतं? तुम्ही त्यांना झोपेतून उठवलं असतं. दोघांनी मिळून लेखकाचा उद्धार केला असता, दादांनी उगाच त्याची बाजू घेऊन तुम्हाला आणखी चिडवलं असतं, आणि सकाळपर्यंत राग निम्मा उतरला असता. या वेळी ऐकायला कुणी नव्हतं. मग वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

चाहत्याला वाटतं आपल्याला लेखक भेटायला हवा. त्याचं खरं अडतं ते दुसऱ्या वाचकावाचून, आणि गुन्हेकथेच्या चाहत्याचं तर फारच. प्रेमकथा एकट्याने वाचून भागतं. संशय मात्र कुणाला तरी बोलून दाखवावा लागतो. आणि लेखक या खेळात भिडू होऊच शकत नाही, कारण खुनी कोण हे त्याला पहिल्यापासून माहीत असतं.

हे ओळखलेल्या वाचकांनी आपली सोय कधीच करून ठेवली आहे. अँथनी बाउचर हे अमेरिकेतले गुन्हेकथांचे मोठे समीक्षक १९६८ साली गेले, आणि १९७० पासून त्यांच्या नावाने 'बाउचरकॉन' हे संमेलन भरू लागलं. लेखकही तिथे येतात, पण संमेलन मुळात चाहत्यांचं आहे. तिथले अँथनी पुरस्कार जमलेल्या मंडळींच्या मतांवर ठरतात. त्याहून अचाट गोष्ट स्कॉटलंडची. डंडी विद्यापीठाच्या नव्या शवागारासाठी निधी हवा होता. गुन्हेकथा लेखक मदतीला आले, वाचकांनी देणगी देऊन आपापल्या लेखकाला मतं दिली, आणि २०१४ साली सुरू झालेल्या त्या शवागाराला व्हॅल मॅकडर्मिड या लेखिकेचं नाव लागलं. हयात लेखिकेचं नाव शवागाराला! चाहत्यांनी एवढ्या मनापासून दिलेला दुसरा मान माझ्या ऐकिवात नाही.

तुम्ही संमेलन भरवावं असं मी म्हणत नाही. आधी दादांकडे एकदा जाऊन बघा, पण मालिकेचं नवं पुस्तक घेऊन नको. 'रोज तेच खून' ही त्यांची तक्रार मालिकांपुरती अगदीच खोटी नाही. साचा ठरला की तोचतोचपणा येतोच, आपण चाहते तो प्रेमापोटी खपवून घेतो. त्यांना केइगो हिगाशिनो यांचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' द्या. ही २००५ सालची जपानी कादंबरी आहे, आणि तिला मिळालेला नाओकी पुरस्कार फक्त गुन्हेकथांसाठी नसतो. खून कुणी केला हे सुरुवातीलाच डोळ्यांसमोर घडतं. गणिताचा एक शिक्षक तो लपवायला मदत करतो आणि त्याचा जुना मित्र, एक भौतिकशास्त्रज्ञ, मागावर लागतो. आता दोन-तृतीयांशावर थांबून चिठ्ठीत लिहिणार काय? खुन्याचं नाव तर दोघांनाही माहीत आहे. तेव्हा चिठ्ठीत लिहायचं, 'नक्की काय लपवलंय'. दादा हुशार असतील तर हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देणार नाही. तरीही ते नको म्हणाले, तर नको. आवड संपू शकते, आणि भावाला भरीस घालून वाचायला लावण्यात काही मजा नाही. वाचत नसले तरी ते तुमचे दादाच आहेत.

मग आणखी तीनचार जण शोधा. ओळखीतल्या कुणीतरी रात्री जागून एखादं पुस्तक संपवल्याचं सांगितलेलं तुम्हाला आठवेल. तिथून सुरुवात करा. पद्धत तुमच्याकडे तयारच आहे, मी तिला एकच शेपूट जोडेन: चिठ्ठीवर नावाबरोबर कारणही लिहायचं. नाव बरोबर आणि कारण चूक, अशी चिठ्ठी वाचण्यात जी धमाल आहे ती शेवटच्या प्रकरणातही नसते. कुणी पुढे वाचून ठेवलं असेल तर त्याने तोंड मिटून बसायचं, यात मात्र दयामाया नको. पुस्तकं आलटूनपालटून घ्या. तुमच्यासाठी मुद्दाम सुचवतो ती टाना फ्रेंच यांची डब्लिनच्या पोलिसांवरची पुस्तकं, पहिलं २००७ चं. दर पुस्तकात निवेदक बदलतो, आधी कडेला उभा असलेला माणूस पुढच्या वेळी मध्यभागी येतो, आणि ज्याच्यावर तुमचा जीव जडला तो भलत्याच नजरेतून, भलताच दिसायला लागतो. तुमच्या दुखण्यावर हा उतारा बरा.

आणि ज्यांना कुणाला आवडत्या लेखकाला लिहायचंच आहे, त्यांनी लिहावं. लेखक एकट्याने काम करतात, पुस्तक कुणापर्यंत पोहोचलं हे कळलं तर त्यांना बरंच वाटतं. फक्त पुस्तक संपलं त्या रात्री लिहू नका. अमुक पानावरची अमुक जागा का आवडली ते लिहा, 'तुमची सगळी पुस्तकं छान आहेत' हे नको. पुढे काय घडायला हवं ते सुचवू नका. उत्तर आलं तर बोनस समजा.

राहिला कार्यक्रम. जा. तुम्ही कोण ते त्याला कळणार नाही, आणि 'ती ईमेल माझीच' हे सांगायची काहीही गरज नाही. प्रश्न विचारायचा झाला तर हा विचारा: 'मालिकेतल्या एखाद्या माणसाचं पुढे काय होणार, हे तुम्ही सुरुवातीलाच ठरवता की लिहिताना ठरतं?' तुम्हाला हवं ते उत्तर यातून बरंचसं मिळेल. नाव मात्र घेऊ नका. सभागृहात निम्मे लोक असे असतील ज्यांनी ते पुस्तक अजून वाचलेलं नाही, आणि तुमच्या तोंडून ती मेल्याचं कळलं तर विश्वासघाताचा आरोप या वेळी तुमच्यावर होईल.

नंतर सहीसाठी रांग लागेल. लेखकापाशी तुम्हाला अर्धा मिनिट मिळेल, रांगेत निदान अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मोबाइल बघत उभ्या राहू नका. पुढच्या-मागच्यांच्या हातातली पुस्तकं बघा. ज्या कुणाच्या प्रतीचा कणा वाचून वाचून मोडलेला असेल, त्यांना विचारा की गेल्या पुस्तकात तुमचा संशय कुणावर होता. मग त्यांचा फोन नंबर घ्या.